अनंत जीवनाचा वारस व्हायला काय करावं लागतं?

नगरी_पाव्हणा (धागाकर्ता)

मध्यंतरी इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी सहज लिहून गेलं, ‘ख्रिस्ती लोकांचं बरं असतं, रविवारी चर्चमध्ये पापं धुवून घ्यायची की सोमवारी पाटी कोरी.’ तिथे विषय वेगळा होता म्हणून बोललो नाही. पण हा समज इतका पसरलेला आहे की स्वतंत्र धागा काढतोय.

मी नगर जिल्ह्यातल्या प्रॉटेस्टंट घरातला. आमची मंडळी (म्हणजे स्थानिक चर्च) मूळची अमेरिकन मराठी मिशनची, १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली. सेमिनरीत शिकलेलो नाही. पाळकसाहेबांची प्रवचनं आणि घरचं वाचन एवढीच शिदोरी.

शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, दोन माणसं येशूला एकच प्रश्न विचारतात. एक शास्त्री आहे (लूक १०), दुसरा भरपूर मालमत्ता असलेला माणूस (मार्क १०). अनंत जीवनाचं वतन मिळावं म्हणून मी काय करू? आता हा प्रश्न नीट बघा. मजुरी मिळवायला काम करावं लागतं, बक्षीस मिळवायला शर्यत जिंकावी लागते. वारसा मिळवायला कुणी काय करतं? त्या घरात जन्मावं लागतं, किंवा घरच्या धन्याने आपलं म्हणावं लागतं. दोघांनाही हवा आहे वारसा आणि भाषा मात्र मजुरीची.

येशू दोघांना वेगवेगळं उत्तर देतो. शास्त्र्याला चांगल्या शोमरोनी माणसाची, वाटेत जखमी पडलेल्या अनोळख्याला मदत करणाऱ्या परक्याची, गोष्ट सांगतो. श्रीमंताला सांगतो, सगळं विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून जातो. मग ते प्रसिद्ध वाक्य येतं, की श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं. शिष्य घाबरून विचारतात, असं असेल तर कुणाचं तारण, म्हणजे उद्धार, होणार? उत्तर मिळतं की माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही. माझ्या मते अख्खा ख्रिस्ती तारणविचार या दोन ओळींत आहे. बाकी दोन हजार वर्षं त्यावरचा काथ्याकूट.

सुरुवातीच्या चर्चचा प्रेषित पौल, त्याने याला दत्तकविधानाची चौकट दिली. रोमच्या मंडळीला लिहिलेलं त्याचं रोमकरांस पत्र साधारण इ.स. ५७ च्या सुमाराचं. तेव्हा रोमच्या गादीवर होता नीरो, आणि नीरो स्वतः दत्तक! क्लॉडियसने त्याला इ.स. ५० मध्ये दत्तक घेतलं आणि पोटचा ब्रिटानिकस मागे पडला. त्याच शहरातल्या मंडळीला, ज्यात गुलामही होते, पौल लिहितो की तुम्हाला भीतीने पुन्हा दास करणारा आत्मा मिळालेला नाही, दत्तकपणाचा मिळाला आहे. आणि मुलं आहात म्हणून वारसही आहात, ख्रिस्ताबरोबरचे सहवारस. रोमन कायद्यात दत्तक गेलेल्याचं जुन्या घराशी नातं तुटायचं आणि नव्या घरात त्याला पोटच्या मुलाइतकाच हक्क मिळायचा. हे ऐकून एखाद्या गुलामाला काय वाटलं असेल याची कल्पना करून बघा.

इफिसकरांच्या पत्रात पवित्र आत्म्याला या वतनाचा विसार म्हटलंय. घराचा व्यवहार ठरला की आपण देतो तोच विसार. पूर्ण रक्कम नव्हे, पण व्यवहार पक्का झाल्याची खूण. वतनाचा पूर्ण ताबा पुढे मिळायचा आहे, पण चव आत्ताच लागते.

आता पाटी कोरी होण्याबद्दल. त्याच पत्रात कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण झालं, ते कर्मांनी नव्हे, असं म्हटल्यावर लगेच पुढचं वाक्य आहे की सत्कर्मं करण्यासाठीच आपल्याला घडवलंय. म्हणजे सत्कर्म हे घरात शिरण्याचं तिकीट नाही, घरात राहणाऱ्याचं वागणं आहे. रविवारी धुऊन सोमवारी मळवायची सोय यात कुठे आहे ते मला दाखवा.

ओवीबद्ध

छान मांडलंय. आमच्या घरी वारी आहे, त्यामुळे काही गोष्टी ओळखीच्या वाटल्या. तुकोबा तर मुक्तीच नको म्हणतात, संतांची संगत द्या म्हणतात. आणि तुमचे रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत.

माझी अडचण वेगळी आहे. वारशात नुसती इस्टेट येत नाही, कर्जही येतं. तुमच्याकडे आदमाचं पाप सगळ्या मानवजातीला लागलं असं मानतात ना? आमच्याकडे प्रारब्ध असतं, पण ते ज्याचं त्याचं. माझं मागच्या जन्मीचं मी फेडतो. पणजोबाने खाल्लेल्या फळाचा हिशेब पणतूकडे, यात न्याय कुठला?

दिवाणी_दावा

वकिली खाज आहे म्हणून मध्ये पडतो. ओवीबद्ध, बापाचं कर्ज मुलाने फेडणं ही आपल्याच हिंदू कायद्यातली जुनी गोष्ट आहे. ते मुलाचं, नातवाचं, पणतूचं धार्मिक कर्तव्य मानलं जाई आणि कोर्टं त्या आधारावर वसुली करून देत. अट इतकीच की कर्ज जुगार, दारू असल्या कारणाचं नसावं. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार कायद्यात हे बंद झालं, तेही पुढच्या कर्जांपुरतं. तेव्हा ‘ज्याचं त्याचं’ हे आपल्याकडेही वाटतं तितकं सरळ नव्हतं.

धागाकर्त्यांनी दत्तकविधानाची जी बाजू मांडली त्यावर एक गंमत सांगतो. ज्या धर्माच्या मुळाशी दत्तकाची कल्पना आहे, त्या धर्माच्या लोकांना भारतात कितीतरी वर्षं कायदेशीर दत्तक घेण्याचा कायदाच नव्हता. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता, त्यात बौद्ध, जैन, शीख आले. ख्रिस्ती जोडप्याने अनाथाश्रमातून मूल आणलं तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली ते फक्त पालक व्हायचे. मूल सज्ञान झालं की कागदोपत्री नातं संपलं. वारसाहक्क शून्य, मृत्युपत्र केलं असेल तरच काही मिळणार. बाल न्याय कायदा २००० सालचा, त्याची २००६ ची दुरुस्ती आणि मग २०१५ चा नवा कायदा, यांनी हा रस्ता सगळ्या धर्मांना मोकळा केला. माझ्याकडे असं एक जोडपं आलं होतं. बाई सारखं एकच विचारत होत्या, ‘वकीलसाहेब, कागदावर आई असं लिहिलं जाईल ना?’

बावखलकाठ

मी वसईची, कॅथलिक. पाव्हणे, तुमचा लेख आवडला, पण तो पक्का प्रॉटेस्टंट आहे हो.

आधी ओवीबद्ध यांना. आदिपाप म्हणजे आदमाने केलेल्या गुन्ह्याची शिक्षा आपल्या नावावर, असं आमची चर्च शिकवत नाही. आदमाला जी पवित्रता मिळाली होती ती त्याने घालवली, म्हणून ती त्याच्याकडून पुढे आपल्याला आलीच नाही. उधळ्या बापाच्या पोरांना काही मिळत नाही, पण म्हणून ती पोरं गुन्हेगार ठरत नाहीत. ऑर्थोडॉक्स चर्च तर अपराध वारशाने येतो हे मुळीच मानत नाही. ते म्हणतात मरण आलं, दुबळेपण आलं. आणि यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात साफ लिहिलंय की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले, ही म्हण यापुढे बोलायची नाही, असं देवच तिथे बजावतो.

आता पाव्हण्यांना. वारसा फुकट मिळतो हे मान्य. कृपा आधी, माणूस नंतर, हे आमच्या कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेनेही १५४७ च्या आदेशात म्हटलंय. लोक उगाच समजतात की कॅथलिक म्हणजे पुण्यकर्मांचा गल्ला. पण मिळालेला वारसा माणूस घालवूही शकतो. बाप्तिस्म्याने घरात आलात, गंभीर पापाने स्वतःच्या पायाने बाहेर गेलात, कुमसाराला, म्हणजे पाद्रींपुढे पाप कबूल करायला, बसून परत आलात. ये-जा खरी आहे. आमची आजी कुमसाराहून आली की त्या दिवशी कुणाशी भांडायची नाही. दुसऱ्या दिवशीचं सांगत नाही.

आणि आम्ही एकटे वारस नसतो. २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन कबरी साफ करतो, फुलं घालतो, मेणबत्त्या लावतो, मेलेल्यांसाठी मिस्सा (चर्चमधली उपासना) ठेवतो. शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या, जिवांना आपल्या प्रार्थनेचा उपयोग होतो अशी श्रद्धा आहे. तुमच्याकडे माणूस गेला की त्याच्यासाठी प्रार्थना थांबते, ते मला फार एकटं वाटतं.

नगरी_पाव्हणा

ताई, थांबते खरी. आमच्याकडे मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी प्रार्थना होते. गेलेला प्रभूच्या हाती आहे, त्यात आपण काय भर घालणार, अशी भूमिका. आणि शुद्धिस्थानाच्या नावावर क्षमापत्रं (तिथली शिक्षा माफ करणारी पत्रं) विकली गेली म्हणूनच तर १५१७ मध्ये प्रॉटेस्टंट चळवळीचा जनक ल्यूथर पेटला. पण पाचशे वर्षांनी तेच भांडण त्याच आवेशात घालायची गरज नाही हेही खरं. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिक चर्चने संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या की देवापुढे नीतिमान ठरणं हे कृपेनेच. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. आमच्या तालुक्यात ही बातमी अजून पोचायची आहे.

तिरपागडे

हे सगळं वाचायला गोड आहे. पण जमिनीवर काय झालं ते कुणी बोलतच नाही. एकोणिसाव्या शतकात इथली पोरं मिशनशाळेत गेली आणि घराला मुकली. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला, पाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला. बाप कोर्टात गेला तेव्हा पोरगा ताब्यात मिळाला. मग तो बाटला की नाही, परत जातीत घ्यायचा की नाही, यावर ब्रह्मवृंदात रणं माजली. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्या म्हटलं तर त्यांच्यावरच लोक उठले. नवा बाप मिळवून देताना जुन्या बापाचं काय होतं, हा प्रश्न तुमच्या दत्तकविधानात कुठे बसतो? आणि दुष्काळात धान्य देऊन जी ‘मुलं’ केली त्यांचं काय?

दिवाणी_दावा

तिरपागडे, श्रीपतच्या बाबतीत मुद्दा बरोबर आहे. पण वारशाचं पारडं दुसऱ्या बाजूनेही बघा. जुन्या हिंदू कायद्यात पतित वारसाला वाटा नाही, आणि धर्म सोडला की पतित. म्हणजे बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी वडिलोपार्जित घर, शेत, सगळ्यावर पाणी. अनेकदा बायको-मुलंही दुरावत. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने, म्हणजे जातिविषयक अपात्रता दूर करण्याच्या कायद्याने, हे थांबवलं. धर्म किंवा जात गेली म्हणून वारसाहक्क जाणार नाही, इतकाच त्याचा आशय. कलकत्ता आणि मद्रासकडून त्याविरुद्ध अर्ज गेले. आक्षेप असा की जो पिंड देणार नाही, श्राद्ध करणार नाही, त्याला इस्टेट कशी? त्यांच्या बाजूने विचार केला तर तर्क चूक नव्हता. आपल्याकडे वारसा आणि पिंड एकाच दोरीत बांधलेले होते.

त्या वादाचं शेपूट अजून शिल्लक आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २६ असं की धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा हक्क जात नाही, पण धर्मांतरानंतर त्याला झालेली मुलं आणि त्यांचे वंशज हिंदू नातेवाइकांचे वारस होऊ शकत नाहीत. वारसा उघडताना ती हिंदू असतील तर गोष्ट वेगळी. म्हणजे आजोबांच्या शेतात बापाचा वाटा आहे, पण बाप आजोबांच्या आधी गेला तर नातवाच्या हाती काही नाही. मी ही केस एका कुटुंबाला समजावून सांगितली आहे. समजायला त्यांना वेळ लागला नाही, पटायला लागला.

नगरी_पाव्हणा

तिरपागडे, दुष्काळाचं नाकारत नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात आणि नंतर नगर भागात मंडळ्या वाढल्या हे उघड आहे. पोटासाठी आलेला माणूस खोटा असतो असं मात्र मी म्हणणार नाही. येशूच्या गोष्टीतला उधळा मुलगा, बापाकडून वाटा घेऊन तो उडवून बसलेला, बापाकडे परत आला तो पश्चात्तापाने की उपाशीपोटी? लूक सांगतो, डुकरांपुढच्या शेंगा खाव्याशा वाटल्या तेव्हा त्याला घर आठवलं. तिथे चाकरांनाही पोटभर भाकरी असते, हा त्याचा पहिला विचार. बापाने कारण विचारलं नाही.

आणि सगळेच काही मिळवायला आले नाहीत. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतात तेव्हा त्यांच्याकडे गमवायला इस्टेट नव्हती, आईवडील दुष्काळात गेलेले. होतं ते संस्कृत पांडित्याचं नाव आणि पुण्यामुंबईतल्या सुधारकांचा मान. तो बराचसा गेला. बरं, बाप्तिस्म्यानंतर त्या गप्प बसल्या का? अँग्लिकन भगिनींशी त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धांतावरून वाद घालत राहिल्या. नंतर त्यांनी लिहिलंय की ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, ख्रिस्त कितीतरी वर्षांनी. १९०७ च्या त्यांच्या आत्मकथनाच्या नावातच कधी न संपणारा ठेवा आहे. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ज्या विधवा आणि अनाथ मुली राहत होत्या त्यांच्यापैकी कितीजणींना कुणाच्या सातबाऱ्यावर जागा होती?

जुन्या बापाचा प्रश्न मात्र टोचतो. त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. येशू म्हणतो, माझ्यासाठी घर, भाऊ, आई, बाप, शेतं सोडली त्याला शंभरपट मिळेल. तिथेच मार्कने एक शब्द घातलाय, छळासहित. तो प्रवचनात बऱ्याचदा गाळला जातो.

नवगाव_ते_लोद

शालोम मंडळी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी यहुदी, आजोळ अलिबागकडचं, आता वस्ती इस्राएलमधल्या लोदला. मराठी वाचायची सवय सुटत नाही म्हणून इथे असतो. बराच वेळ वाचत होतो, आता राहवत नाही.

तुम्ही सगळे पौलापासून सुरुवात करता. अहो, वारशाची गोष्ट त्याच्या कितीतरी आधी सुरू होते, आणि ती स्वर्गाची नाही, जमिनीची आहे. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा, त्याने चिठ्ठ्या टाकून वंशावार जमीन वाटली. सलाफहादाला मुलगा नव्हता, तर त्याच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या की आमच्या बापाचं नाव का पुसता? देवाने सांगितलं, मुली बरोबर बोलतात. पुढे मात्र अट आली की लग्न वंशातच करा, नाहीतर जमीन दुसऱ्या वंशात जाईल (वकीलसाहेब, तुमच्या आवडीचा भाग आहे, बायबलच्या गणना पुस्तकाचे अध्याय २७ आणि ३६). देवाच्या सेवेला ठेवलेल्या लेवी वंशाला जमीनच नाही, त्यांचा वाटा स्वतः देव. नाबोथाने अहाब राजाला द्राक्षमळा विकला नाही, कारण तो वाडवडिलांचा होता. त्यासाठी जीव गेला त्याचा. आमच्याकडे वारसा म्हणजे हे. येणाऱ्या जगात सगळ्या इस्राएलाला वाटा आहे असं मिश्नात (रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात) आहे, इतर राष्ट्रांतल्या सज्जनांनाही आहे असं रब्बींचं मत आहे. त्यामुळे ‘माझं तारण होईल का’ या चिंतेने आमच्या घरी कुणी रात्री जागलेलं मी पाहिलं नाही. शब्बाथला दिवा वेळेवर लागला का ही चिंता असते.

आता खरी तक्रार. पौल गलतीकरांना लिहितो, तुम्ही ख्रिस्ताचे असाल तर अब्राहामाचं संतान आणि वचनाप्रमाणे वारस. लिहू द्या. पण पुढे चर्चने कितीतरी शतकं असं शिकवलं की नवे वारस आले म्हणून जुन्यांचा हक्क गेला. आमच्या आजोबांच्या उताऱ्यावर तुमची नोंद चढली याचं दुःख नाही, आमची कमी केलीत त्याचं आहे. कोकणात आमच्या लोकांना याची झळ लागली नाही, आमचे लोक तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून शेजारी तेल घेऊन जायचे आणि शनवार तेली म्हणायचे, संपलं. पण इथे माझे शेजारी युरोपातून आलेल्यांचे नातू आहेत. त्यांना विचारा.

बावखलकाठ

दादा, बरोबर बोललात. आमच्या गुड फ्रायडेच्या प्रार्थनेत यहुद्यांसाठी ‘अविश्वासू’ अशा अर्थाचा जो शब्द होता तो तेविसाव्या जॉन पोपनी १९५९ मध्ये काढून टाकला. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने स्पष्ट केलं की यहुदी लोकांना देवाने टाकून दिलेलं, शापलेलं समजू नये. उशीर झाला, फार उशीर.

नगरी_पाव्हणा

आणि ज्या पौलाच्या नावावर हे खपवलं त्यानेच रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात उलटं लिहून ठेवलंय. यहुदी नसलेले तुम्ही रानटी जैतुनाच्या फांद्या, इस्राएलच्या मुळाला कलम केलेल्या. मूळ तुम्हाला धरून आहे, तुम्ही मुळाला नाही, तेव्हा फुशारकी मारू नका. देवाची दानं आणि बोलावणं माघारी घेतली जात नाहीत. आमच्या मंडळीत रोम ८ वर वर्षाला चार प्रवचनं होतात. अकरावर कधी ऐकल्याचं आठवत नाही.

मिरामार

गोव्याहून नमस्कार. बावखलकाठताईंच्या ‘वारसा घालवता येतो’ यावर. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नियम असा की बापाला आपली निम्मी मालमत्ताच मर्जीने देता येते. उरलेली निम्मी मुलांची आणि इतर हक्काच्या वारसांची, हिंदू असो की कॅथलिक. पोर आवडत नाही म्हणून कायद्याने सांगितलेल्या मोजक्या कारणांशिवाय तिला वगळता येत नाही. तर देवाचा कायदा गोव्याचा की बाकी भारताचा?

(तारण विषय निघालाच आहे तर सांगतो, थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये आमच्या रायतूरला छापलं. ओवीबद्ध यांनी वाचलं नसेल तर जरूर वाचावं, आदमापासून सगळं ओवीत आहे.)

नगरी_पाव्हणा

हाहा, हा प्रश्न डॉर्टच्या सभेला विचारायला हवा होता! १६१८-१९ मध्ये हॉलंडमध्ये सहा-सात महिने हाच खल चालला. कॅल्विनपंथी म्हणाले, देवाने ज्याला निवडलं तो शेवटपर्यंत टिकणारच. म्हणजे गोवा. अर्मिनियसच्या अनुयायांना ती खात्री नव्हती, आणि पुढे वेस्लीच्या मेथडिस्टांनी ठामपणे सांगितलं की घसरता येतं. दोघांकडे वचनं आहेत. योहान १० मध्ये माझ्या हातातून त्यांना कुणी हिसकावणार नाही असं आहे. इब्रीकरांच्या पत्रात एसाव आहे, ज्याने एका जेवणासाठी ज्येष्ठपणाचा हक्क विकला आणि नंतर रडूनही त्याला आशीर्वाद मिळाला नाही.

मी स्वतः कुठे? एसावाचा वारसा बापाने काढून घेतला नाही, त्याने विकला. एवढंच मला दिसतं. आणि मला एसावापेक्षा उधळ्या मुलाच्या थोरल्या भावाची जास्त भीती वाटते. तो कुठे गेला नाही, काही विकलं नाही. पण बापाला म्हणतो काय, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय आणि मला कधी करडूसुद्धा दिलं नाही! घरात राहून मजुरीचा हिशेब. बाप म्हणतो, बाळा, माझं सगळं तुझंच आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ख्रिस्ती घरांतले आम्ही बहुतेक हेच थोरले भाऊ.

दिवाणी_दावा

थोरल्याची बाजू कुणीतरी घ्या राव! बायबलच्या ‘अनुवाद’ पुस्तकातल्या एकविसाव्या अध्यायाप्रमाणे थोरल्याला दुहेरी वाटा, म्हणजे दोन भावांत दोन तृतीयांश. धाकट्याने आपला एक तृतीयांश घेतला, विकला, उडवला. वाटणी झाली. आता घरात उरलेलं सगळं पुढे थोरल्याचं. मग तो पोसलेला गोऱ्हा, ती अंगठी, तो झगा, ही मेजवानी कुणाच्या वाट्यातून? बापाने थोरल्याला विचारलंसुद्धा नाही, तो शेतावर होता. माझा अशील असता तर मी मनाई हुकूम मागितला असता.

ओवीबद्ध

वकीलसाहेब 😄 पण मुद्दा जबरदस्त आहे. म्हणजे धाकट्याची माफी बापाला फुकट देता आली, थोरल्याला पडली महागात.

तिरपागडे

माझे वडील पक्के नास्तिक. आयुष्यभर कामगारांच्या केसेस बिनपैशाच्या लढले, देवाचं नाव घेतलं नाही, गेले तेव्हा विधी नको म्हणाले. सरळ विचारतो. तुमच्या हिशेबात त्यांना काय? जपून बोलायची गरज नाही.

बावखलकाठ

आधी एक सांगते. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने चर्चबाहेरच्यांना तारण नाही असं कडक शब्दांत लिहिलं होतं. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेच्या १९६४ च्या दस्तऐवजात, सोळाव्या परिच्छेदात, असं आहे की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना देवाची उघड ओळख झाली नाही, पण जे सचोटीने जगायला धडपडतात, त्यांना लागणारं साहाय्य देव नाकारत नाही. बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या बाळांबद्दलही २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने आशेला जागा आहे असंच म्हटलं. तुमच्या बाबांना काय मिळालं ते मी सांगणार कोण? पण २ नोव्हेंबरला एक मेणबत्ती जास्त लावली तर तुम्ही रागावू नका.

नगरी_पाव्हणा

जपून न बोलता सांगतो. आमच्या मंडळीतले बरेच जण म्हणतील, विश्वासाशिवाय नाही. माझे वडीलही तेच म्हणाले असते. मी तसं ठामपणे म्हणू शकत नाही आणि त्याचं उलटही ठामपणे म्हणू शकत नाही. मत्तय २५ मध्ये उजवीकडच्यांना सांगितलंय की या, तुमच्यासाठी सिद्ध केलेलं राज्य वतन करून घ्या. कशावरून, तर भुकेल्याला खायला दिलं, तुरुंगात भेटायला गेलात. आणि ते लोक चकित होऊन विचारतात, प्रभू, आम्ही हे कधी केलं? त्यांना वारस असल्याचा पत्ताच नव्हता. हे वचन माझ्या धर्ममतात नीट बसत नाही. म्हणून मी ते सोडून देत नाही.

तिरपागडे

ठीक. दोन्ही उत्तरं सरळ आहेत. मेणबत्तीला हरकत नाही, बाबांना दिव्याखाली वाचायला आवडायचं.

दिवाणी_दावा

एक शेवटची तांत्रिक शंका. वारसा उघडतो मृत्यूनंतर. देव तर मरत नाही. मग हा वारसा उघडला कधी?

नगरी_पाव्हणा

इब्री ९ मध्ये नेमका हाच युक्तिवाद आहे. मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत ते लागू होत नाही, म्हणून ख्रिस्ताचं मरण.

दिवाणी_दावा

आणि तिसऱ्या दिवशी तो परत आला! मृत्युपत्र करणारा हयात निघाला तर वाटणी उलटी फिरते, साहेब.

नगरी_पाव्हणा

फिरली नाही, कारण परत येऊन त्याने ताबा मागितला नाही. सहवारस म्हणून आपल्याशेजारी बसला. रोम ८:१७. पुढे मात्र त्याच वचनात एक ‘जर’ आहे. जर आपण त्याच्याबरोबर दुःख सोसत असलो तर.

दिवाणी_दावा

म्हणजे सशर्त!

बावखलकाठ

मी पहिल्या प्रतिसादापासून दुसरं काय सांगत होते?